म्हातारीचा बांध
बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा वास आला की ती दुपार आठवते. तासगावच्या शेडवर आम्ही बायका बेदाणा निवडत होतो. एकीनं लॉटरीचं तिकीट घेतलं होतं, आणि लागली तर काय करायचं यावर हसणं चाललं होतं. कुणाला पाटल्या हव्या होत्या, कुणाला काशी. मेंढरांमागं जन्म काढलेली म्हसवडची म्हातारी तेवढी नुसत्या काड्या वेचत होती. "आवं आजी, तुमी काय घेनार?" मी विचारलं. मान वर न करता ती म्हणाली, "एक बांध. मेंढरं घिऊन हिकडं उतरायचो, तवा वाटंत माजं तान्हं लेकरू गेलं. बांधालाच पुरलं. आता तितं बाग झालीय, मालक आत सोडत न्हाई." परवा आमच्या रानातला जुना बांध काढायला ट्रॅक्टर आला, तर मी आडवी उभी राहिले. नवरा चिडून म्हणाला, "तितं काय सोनं पुरलंय व्हय?"