बिनतारी यंत्रावरचा शिपाई

युद्धाची खिल्ली उडवणारा एक जुना कृष्णधवल इंग्रजी सिनेमा मी परभणीतल्या कॉलेजात दरवर्षी मुलांना दाखवते. नकाशाभोवती भांडणारे सेनापती सगळे गोरे, सगळे पुरुष. बाई एकच, तीही त्यांचे कोट सांभाळायला. आणि एक काळा शिपाई. लांबच्या चौकीत बिनतारी यंत्रापाशी बसून तो विचारत असतो, आम्ही थांबायचं की निघायचं? इकडे सेनापतींचं चहावरून वाजलेलं असतं, त्यामुळे त्याला उत्तर द्यायचं राहून जातं. मुलं इथे पोट धरून हसतात. कॅमेरा तिथून जो हलतो, तो पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. वेगळ्या रंगाचा एक माणूस शोभेला घेतला की झालं यांचं, असं मी वर्गात तावातावाने सांगते. असल्या शोभेच्या माणसांची मला खरंच चीड येते.

गेल्या वर्षी भादव्यात हेच व्याख्यान तयार करायला म्हणून लॅपटॉप घेऊन चुडाव्याला घरी गेले. आत्या शेजारी येऊन बसली. आत्याचा नवरा फौजेत बिनतारी यंत्रावर होता. माझ्या जन्माआधीच्या एका लढाईत त्याची चौकी गेली आणि तो बेपत्ता असल्याचं सरकारने कळवलं. तेव्हापासून आत्या आमच्याकडे राहते. तिच्या कपाळावरचं कुंकू अजून आहे. सर्वपित्रीला, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचं पान वाढताना, घरातलं कुणी ना कुणी त्याच्या पानाचा विषय काढायचंच. मग ती खवळायची.

"जित्या मानसाचं पान वाढायलाव व्हय?"

सिनेमा संपला. ती एकदाही हसली नव्हती.

"त्या काळ्या पोराचं काय झालं?"

"दाखवलंच नाही, आत्या."

"आसं कसं? तो तितं बसून इचारायलाय की अजून."

मी प्रतिनिधित्व वगैरे सांगायला तोंड उघडलं. तिने मला तो प्रसंग पुन्हा लावायला लावला, मग पुन्हा. रोज दुपारी ती चष्मा पुसून लॅपटॉपपुढे बसू लागली. शिपाई बोलायला लागला की ती पडद्याजवळ सरकायची, जणू तिच्या कानाजवळच कुणी बोलतंय.

आठवडाभरात तो आवाज माझ्याही मागे लागला. चहाला आधण ठेवताना, चुडाव्याच्या फलाटावर गाडीची वाट बघताना तेच ऐकू यायचं, थांबायचं की निघायचं. मला त्या सिनेमाची भीती वाटू लागली.

सर्वपित्रीला आईने पितरांची पानं वाढली. आत्याने आणखी एक मागून घेतलं.

"त्या पोराच्या घरच्यांनी ठिवलं का न्हाई, काय की."

सिनेमातल्या माणसाचं पान म्हटल्यावर आईच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तिने पान वाढून दिलं. मी आत्यासोबत जिना चढून माळवदावर गेले. पान ठेवलं आणि कावळा लगेच आला. खीर, वडे, सगळं भराभर टिपायला लागला. आत्याने हात जोडले.

"लय दिवस झाले गं," ती म्हणाली. "जा, अजून एक पान आन."

मी खाली जाऊन रिकामं पान आणि वाढायचं सगळं घेऊन आले. दुसरं पान तिने स्वतःच्या हाताने मांडलं, वड्यांशेजारी कारळाची चटणी वाढली. तिच्या नवऱ्याला ती आवडायची, हे मला त्या दिवशी कळलं. पान कठड्यावर ठेवून ती दोन पावलं मागे सरली.

पहिलं पान संपवून कावळा उड्या मारत दुसऱ्याकडे निघाला. त्याने मान वाकडी केली, चोच खाली नेली. आत्याने पदर झटकला आणि तो उडाला. थोड्या वेळाने परत आला, आत्याने परत पदर झटकला. खीर उन्हात सुकली, वड्यांना मुंग्या लागल्या, तरी ती जागची हलली नाही. शेवटी कावळे यायचेच थांबले.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. घामाने कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं होतं.

"बगितलंस? शिवंना कावळा. जिते हायत ते."

"नाही शिवला, आत्या," मी म्हणाले. आणि खाली आल्यावर आईने विचारलं, तेव्हा तिलाही तेच सांगितलं.