जावई कमी, भाऊबंद फार

पाचगणीच्या शाळेच्या भिंतीतून जुना हिरवा रंग वर येत होता आणि माझा धाकटा दीर शिडीवर उभा राहून तो फडक्याने पुसत होता. काल आमचा नवा रंग वाळून पांढरीशुभ्र झालेली भिंत धुक्याने ओली झाली आणि शेवाळल्यासारखी दिसू लागली. खाली शाळेचा मॅनेजर उभा. म्हणाला, "परवा पालक येणार आहेत. तोवर भिंत पांढरी झाली नाही, तर तुमचा रंगाचा डबा पुन्हा या फाटकातून आत येणार नाही." भावजींच्या सांगलीतल्या रंगाच्या शेडला तेवढंच एक मोठं गिऱ्हाईक होतं. ते गेलं की शेडला कुलूप.

भावजींइतका अस्वस्थ माणूस सांगली-साताऱ्यात दुसरा झाला नाही. जेवताना एक पाय उंबऱ्याबाहेर. कुणाच्याही घरी गेले की आधी बोट ओलं करून भिंतीला लावायचे, मग रामराम. साताऱ्याला माझ्या भाचीसाठी स्थळ बघायला गेलो, तर मुलाचं नाव विचारायच्या आधी यांनी भिंत नखाने खरवडली. "नुसता चुना हाय. आत काय न्हाई." मुलाचा बाप चहा न देताच उठला. रंग झाकतो की नाही ते बघायला काळं लागतं, म्हणून माझ्या तव्याची पाठ रंगवायचे. पुढं आठवडाभर आम्ही भाकरीबरोबर रंगाचा वास खायचो.

नाद एकच, कमी टिटॅनियमवर भिंत झाकायची. पांढऱ्या रंगाला झाकायची ताकद येते ती टिटॅनियमच्या भुकटीने. ती भुकटी परदेशातून यायची, परवान्यावर मिळायची, म्हणजे मिळायचीच नाही. मग भावजी कुंभाराच्या भट्टीत चिनी माती भाजायचे, त्यात शंखजिरं घालायचे आणि मी व जाऊ ते दळून वस्त्रगाळ करायचो. म्हणायचे, "वैनी, टिटॅनियम म्हंजी जावई. जावई खेटून बसवलं तर चारच पाट भरत्यात. मधी ह्या मातीचं भाऊबंद बसवा, पंगत लय मोठी दिसती." ते खरं होतं. निम्मे जावई काढले तरी तव्यावरचं काळं दिसत नव्हतं.

पाचगणीला मी रंग गाळायला बरोबर गेले होते. शिडीखालून विचारलं, "भावजी, ह्या खेपेला जावई किती बसवलेत?"

"जरा कमी केलं."

"जरा म्हंजी?"

"निम्म्याचं पाव केलं. वाळल्यावर झाकत हुतं की वैनी!"

"वाळल्यावर! आवं, हितं कवा वाळतंय काय? भाऊबंद ओलं झालं की त्यातनं खालचं दिसतंय!"

शेडमध्ये जपून ठेवलेली टिटॅनियमची शेवटची गोणी होती. भावजी एस.टी.ने सांगलीला जाऊन ती मांडीवर घेऊन आले. भिंत धुतली, घासली, पुन्हा निम्मे जावई घालून रंगवली. तिसऱ्या दिवशी सकाळी पालकांच्या आधी मॅनेजर आला. भावजी काहीतरी समजावून सांगायला लागले. मी बादली उचलली आणि सगळं पाणी भिंतीवर फेकलं.

"वैनी! काय केलंसा हे!"

पाणी ओघळलं. भिंत पांढरीच. मॅनेजर नुसता "हं" म्हणाला आणि पुढच्या रंगवायच्या दोन खोल्या दाखवायला निघाला. भावजी त्याच्यामागे गेले नाहीत. चिखलात बसले आणि भिंत वाळेपर्यंत बसून राहिले. त्यांना स्वस्थ बसलेलं मी तेवढंच पाहिलं.

शेड पुढं बरीच वर्षं चालली. मग भावजी गेले, त्यांच्यामागून जाऊ गेली. मॅनेजरही गेल्याचं कळलं. त्या भिंतीपुढं जे उभे होतो, त्यातली आता मी तेवढी आहे.