स्टीलच्या डब्यातल्या आठ कॅप

माझ्या पदवीवर 'मेकॅनिकल इंजिनिअर' असे लिहिलेले आहे. माझा मुलगा पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्या दोन शब्दांची परीक्षा घेण्याची वेळ कोणावर आली नव्हती. पदवी घेतली आणि वर्षभरातच मी सॉफ्टवेअरकडे वळलो. पुढे मुंबई, मग न्यू जर्सी, आणि शेवटी मॅसॅच्युसेट्समधले श्रूजबरी. या सगळ्या प्रवासात माझ्या हाताला ग्रीस लागले ते फक्त मुलाच्या सायकलची साखळी चढवताना.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ राहत. त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी मोटार होती. साठच्या दशकाच्या अखेरची, दोन दरवाज्यांची. मध्यम आकाराच्या अंगात भलेमोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवलेल्या ज्या गाड्यांना इथे मसल कार म्हणतात, त्यांपैकी एक. माझा मुलगा तीन हिवाळे त्यांच्या दारातला बर्फ उपसत असे. २००४ च्या उन्हाळ्यात ते फ्लोरिडाला कायमचे निघाले, तेव्हा त्यांनी ती मोटार त्याला देऊन टाकली. तिचा तळ बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खाल्लेला होता आणि इंजिन कित्येक वर्षांत फिरलेले नव्हते. ती टो ट्रकवरून आमच्या गॅरेजमध्ये उतरली, तेव्हा माझ्या पत्नीने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हे धूड चालणार आहे की नुसतंच राहणार आहे?"

मुलगा म्हणाला, "चालणार. बाबा मेकॅनिकल इंजिनिअर आहे."

त्याच क्षणी मी काहीतरी बोलायला हवे होते. पण कोणी आपल्याविषयी चांगले बोलले की ते दुरुस्त करण्याचे धैर्य मला कधीच झालेले नाही. वाईट बोलले तरीही नाही.

वस्तुस्थिती अशी होती की, मी आयुष्यात एकही इंजिन उघडलेले नव्हते. पुण्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात कापून ठेवलेले एक इंजिन होते आणि आम्ही वीस जण त्याच्याभोवती उभे राहत असू. मी मागच्या रांगेत. प्रयोगाची वही गेल्या वर्षीच्या कोणाच्या तरी वहीवरून उतरवायची. ड्रॉइंगच्या शीटचीही तीच गत: दोन खुर्च्यांवर काच आडवी ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची शीट आणि त्यावर आपला कोरा कागद. याला आम्ही 'जीटी मारणे' म्हणत असू, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. माझ्या रेषा फार सुबक येत. मला त्यात उत्तम गुण मिळाले होते.

त्यामुळे त्या उन्हाळ्यात मी जे करत आलो होतो तेच केले. दुपारच्या जेवणाच्या सुटीत ऑफिसच्या टेबलाशी बसून मी त्या गाडीच्या दुरुस्तीचे पुस्तक वाचत असे आणि शनिवारी गॅरेजमध्ये ते स्वतःच्या ज्ञानासारखे बोलत असे. मुलाच्या हातात कसब होते. त्याने भाड्याने आणलेल्या छोट्या क्रेनने इंजिन बाहेर काढले, पिस्टन उपसले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सारे भाग गॅरेजच्या जमिनीवर पुठ्ठ्यांवर मांडले. चार-चारच्या दोन ओळी, इंजिनात ज्या क्रमाने होते अगदी तशा. मला त्या मांडणीत क्रम दिसला नाही. मला पसारा दिसला.

दिवाळी जवळ आली होती. शनिवारी फराळाला दहा-बारा कुटुंबे येणार होती, आणि आमच्याकडे पाहुणे गॅरेजमधूनच घरात येत, तिथेच चपला-बूट काढत. पत्नीने मला सांगितले, "अहो, तेवढं गॅरेज नीट करा. लोकांचे मोजे काळे होतील." त्या शनिवारी दुपारी मुलगा शाळेच्या बँडच्या सरावाला गेला होता. मी बाह्या सारल्या. एक-एक भाग रॉकेलमध्ये धुतला, जुन्या पंच्याने पुसला आणि जे सारखे दिसेल ते एकत्र ठेवले. बोल्ट बोल्टांबरोबर, वॉशर वॉशरांबरोबर. पिस्टनला जोडलेले आठ दांडे, ज्यांना कनेक्टिंग रॉड म्हणतात, ते एका खोक्यात उभे केले. प्रत्येक रॉडच्या खालच्या टोकाला एक गोल भोक असते. त्याचा खालचा अर्धा भाग सुटा निघतो, त्याला कॅप म्हणतात. अशा आठ कॅप मी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावले. जिऱ्याचा डबा वेगळा, मोहरीचा वेगळा, असे ज्या घरात मी वाढलो त्या घरातल्या माणसाला याहून नीटस दुसरे काही सुचणे शक्य नव्हते.

संध्याकाळी पाहुणे येऊ लागले. पहिले आले ते आमच्या गावातले निवृत्त डॉक्टरकाका. मूळचे नागपूरचे आणि इथे आम्हा सर्वांच्या आधी आलेले. बूट काढता काढता त्यांनी गॅरेजभर नजर फिरवली आणि माझ्या मुलाला म्हणाले, "काय रे, बाप मेकॅनिकल इंजिनिअर असला की असं असतं बघ. आमचं ऑपरेशन थिएटर एवढं चकाचक नसायचं." मागून आलेले दोघे-तिघे हसले.

मुलगा बँडच्या गणवेशातच उभा होता. त्याने डब्याचे झाकण उघडले, आत पाहिले आणि सर्वांसमोर मला विचारले, "बाबा, कुठली कॅप कुठल्या रॉडची, ते लिहून ठेवलंयस ना?"

मी म्हणालो, "त्याची गरज नसते. कारखान्यात सगळ्या एकाच मापाच्या बनवतात. कुठलीही कुठेही बसते. मास प्रॉडक्शनचं तत्त्वच ते आहे."

डॉक्टरकाकांनी मान डोलावली. मुलाचा चेहरा क्षणभर साशंक राहिला, मग निवळला. त्याने झाकण लावले. माझे वाक्य मला स्वतःलाही पटण्यासारखे वाटले होते.

दोन आठवड्यांनी गावाच्या ग्रंथालयात मला इंजिन बांधणीवरचे एक जाड पुस्तक मिळाले. त्यात एक वाक्य जाड ठशात छापले होते. रॉड आणि त्याची कॅप एकत्र जोडूनच त्यांचे भोक कोरलेले असते, म्हणून एका रॉडची कॅप दुसऱ्याला कधीही लावू नये. लावल्यास भोक वाटोळे राहत नाही आणि इंजिन आतून फाटू शकते. मी कपाटांमधल्या छोट्या स्टुलावर बसलो आणि दुसरे पुस्तक काढले, या आशेने की त्यात काही वेगळे असेल. त्यातही तेच होते. मग मी जे मला खरोखर येते ते केले, म्हणजे गणित. आठ कॅप आठ रॉडवर लावण्याचे चाळीस हजार तीनशे वीस प्रकार होतात. त्यांतला एक बरोबर.

त्या दिवशी घरी जाऊन सांगितले असते तर ती एक साधी चूक ठरली असती. मी सांगितले नाही. उलट, इंजिनाची जुळणी लांबावी म्हणून मी कामे शोधून काढू लागलो. आधी दरवाज्यांचा गंज काढू या. आधी चॅसिसला रंग देऊ या. घाई कशाला. मुलगा निमूटपणे गंज घासत राहिला. जानेवारीत एकदा तो फोनवर मित्राला इंग्रजीत सांगत होता की वेळ लागतोय, कारण त्याचे वडील काहीही अर्धवट करत नाहीत. मी जिन्यात उभा होतो. तिथून परत वर गेलो.

फेब्रुवारीत त्याने जाहीर केले की हिवाळ्याच्या सुटीत तो इंजिनाचा खालचा भाग जुळवणार. नवीन बेअरिंग आली होती. आता टाळायला निमित्त उरले नव्हते.

डिसेंबरात तो सोळा वर्षांचा झाला होता आणि त्याला शिकाऊ परवाना मिळाला होता. दर शनिवारी सकाळी माझ्या साध्या चार दरवाज्यांच्या गाडीत तो चालवायला बसे आणि मी शेजारी. मी तीच वेळ निवडली. त्याचे डोळे रस्त्यावर असणार होते, हे मला सोयीचे होते. त्यात माझा भित्रेपणा होता हे मला तेव्हाही ठाऊक होते.

"ते रॉड आणि कॅप," मी म्हणालो. "दिवाळीत मी म्हणालो होतो ना, कुठलीही कुठेही चालते."

"हं."

"चालत नाही."

त्याने पुढच्या वळणावर सिग्नल दिला, एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी घेतली आणि करड्या पडलेल्या बर्फाच्या ढिगाशेजारी दोन रेषांच्या बरोबर मध्ये उभी केली. इंजिन बंद केले.

"तुला कधी कळलं?"

"दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी."

"बाबा, आता फेब्रुवारी आहे."

"हो."

"आणि दिवाळीत? तेव्हा तुला माहीत होतं, की गेस केलंस?"

"गेस केलं."

मग त्याने विचारले, मी याआधी कधी इंजिन उघडले होते का. मी खरे सांगितले. कापलेले इंजिन, मागची रांग, उतरवलेली वही, काच आणि दिवा, सगळे. काचेची युक्ती ऐकून त्याला हसू येईल, अशी मला थोडी आशा होती.

"सातवीत मी सायन्सचा लॅब रिपोर्ट कॉपी केला होता," तो म्हणाला. "तू मला दोन दिवस लेक्चर दिलंस. आठवतंय?"

मला आठवत होते. मी म्हणालो, आमच्या वेळी सगळेच तसे करत.

"सगळ्यांना मी नाही विचारलं, बाबा. तुला विचारलं."

मग तो उतरला, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि दार उघडून उभा राहिला. त्याला चालवायचे नव्हते. घरापर्यंत गाडी मी चालवली.

त्यानंतरची सुटी तो मित्रांकडे आणि टीव्हीपुढे घालवत राहिला. गॅरेजमध्ये फिरकला नाही. पत्नीने मला विचारले, तुमचे काही बिनसले आहे का. मी तिला सारे सांगितले. ती एवढेच म्हणाली की, डबा मात्र तिला परत हवा आहे. मी दोनदा एकटाच गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. ती मोटार त्याने आता विकून टाकावी, असे मला वाटले नाही. पण तो तसे म्हणेल आणि मला विरोध करता येणार नाही, याची भीती वाटत होती. त्याने काय केले असते तर मला अधिक बरे वाटले असते, ओरडला असता तर की हसला असता तर, हे मला आजही सांगता येत नाही.

मार्चच्या पहिल्या शनिवारी तो माझ्या खोलीच्या दाराशी आला. त्याने इंजिनाचे भाग कोरून, घासून देणारे एक वर्कशॉप शोधले होते; पाऊण तासाच्या अंतरावर. तिथल्या माणसाशी फोनवर बोलणे झाले होते. "मला राइड हवी आहे," तो म्हणाला. 'बाबा' हा शब्द त्यात नव्हता. मी लगेच उठलो. खोके त्याने घेतले, डबा मी.

वर्कशॉपचा मालक सत्तरीतला, जाड चष्म्याचा, कमी बोलणारा गृहस्थ होता. त्याने डबा उघडला, कॅप टेबलावर ओतल्या, एक उचलून उजेडात धरली आणि विचारले की ही सरमिसळ कोणी केली. मुलगा खोक्याकडे पाहत राहिला. त्याने माझे नाव घेतले नाही, आणि सारवासारवही केली नाही.

"मी केली," मी म्हणालो.

त्या गृहस्थाने मान हलवली. मला वाटते, त्याने हे उत्तर अनेकांकडून ऐकले असावे, आणि बहुतेक वेळा त्यात दुसऱ्या कोणाचा तरी उल्लेख असावा. त्याने समजावून सांगितले की जुन्या जोड्या शोधण्यात अर्थ नाही. तो कॅपचे सांधे किंचित घासेल, त्या हव्या त्या रॉडला बोल्टने आवळेल आणि भोके नव्याने वाटोळी करेल. जोड्या नव्या होतील, पण पक्क्या होतील. मात्र आधी दोन्हींवर आकडे ठोकून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी परत याल. असे म्हणून त्याने पोलादी ठशांची पेटी आणि हातोडा आमच्यापुढे सरकवला.

मुलाने पेटी माझ्याकडे ढकलली.

पोलादावर हातोडा मारण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. मी एकच्या आकड्याचा ठसा धरला आणि मारला. काहीच उमटले नाही.

"जोरात, बाबा," तो म्हणाला. "आणि एकदाच. दोनदा मारलास तर डबल दिसेल."

पाचचा आकडा तिरका गेला. सातचा उमटवताना हातोडा माझ्या अंगठ्यालाही लागला. त्याने आठही जोड्या एकेक करून उचलल्या, रॉडवरचा आणि कॅपवरचा आकडा बोटाने चाचपला आणि खोक्यात ठेवल्या. माझ्या भरवशावर त्याने एकही जोडी न तपासता ठेवली नाही. मला ते लागले. खोके तिथेच सोपवून गाडीत बसेपर्यंत मात्र मला हेही उमगले होते की इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या छातीवरचे ओझे हलके झाले होते.

एप्रिलमध्ये रॉड परत आले आणि आम्ही इंजिन जुळवायला बसलो. पहिला पिस्टन आत सरकवण्याआधी त्याने विचारले, रॉडची एक कड तिरकी घासलेली आहे, ती कोणत्या बाजूला ठेवायची.

"माहीत नाही," मी म्हणालो.

मी पुढे काही बोलेन म्हणून तो थोडा थांबला. मग त्याने हात पुसले, जाड पुस्तक आणून जमिनीवर आमच्या मध्ये उघडले आणि ते पान मोठ्याने वाचू लागला. वाक्य फार लांब होते. दुसऱ्यांदा वाचताना मध्येच थांबून त्याने मला विचारले, समजले का. मी म्हणालो, अर्धे.

तो म्हणाला, त्यालाही अर्धेच समजले होते, पण बहुधा दुसरे अर्धे.