‘दे’ आणि ‘देता का’

नर्सबाईंनी विचारलं, “बाबाजी, लोक पहिल्यासारखा मान देत नाईत, असं वाटते काय? एकपासून पाचपर्यंत सांगा. एक म्हणजे बिलकुल नाई, पाच म्हणजे लय.”

बाबा खाटेवरून म्हणाले, “एक लिवा. सब बेस हाये.”

त्यांनी एक लिहिलं. बाई चांगल्या होत्या, तालुक्याहून स्कूटीवर यायच्या, बाबांशी हळू बोलायच्या. तरीही मला त्यांचा राग आला. त्या निघाल्या, तेव्हा कुणी त्यांना चहाचंही विचारलं नाही. आमच्या घरी पाहुणा अंगणात दिसला की बाबांचा “चाय मांड” हा हुकूम आधी आणि “या, बसा” नंतर. त्या दिवशी हुकूम आला नाही, म्हणून चहाही झाला नाही.

बाबांच्या पोटात कॅन्सर होता. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी शहापूरच्या शाळेत मराठी शिकवते. रजा टाकून दिघोरीला आले होते आणि घरभर येरझाऱ्या घालत होते. उशी सरळ कर, गोळी शोध, पुन्हा उशी सरळ कर. बसवतच नव्हतं.

कागदावरचा तो ‘एक’ खोटा आहे, हे मला बाबांच्या क्रियापदावरून कळलं होतं. पोरांच्या वह्या तपासून जडलेली खोड, दुसरं काय. जन्मभर बाबांनी मला “पाणी दे वं”, “चष्मा आण वं” असंच म्हटलं. गेल्या आठवड्यात ते म्हणाले, “बाई, जरा पाणी देता का?” मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, वहिनी आली असेल. मागे कुणी नव्हतं.

मग ते वाढतच गेलं. कूस बदलायची तर “जरा धरता का?” धोतर खराब झालं आणि मी बदलायला घेतलं, तर डोळे मिटून म्हणाले, “माफ करजा बाई, तुमाले तरास होऊन राहिला.” पोटच्या पोरीला ‘तुम्ही’. मला ते सहन होईना.

मी चिडले. आजारी माणसावर चिडू नये, पण माझा स्वभाव तसा आहे. म्हटलं, “बाबा, मी तुमची पोरगी हावो. सरळ ‘दे’ म्हणा ना.”

त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, “मांगनाऱ्यानं ‘दे’ कसं म्हनावं?”

मी ओलं धोतर घेऊन न्हाणीत गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले. त्यांना आमच्याकडून सगळं मागावं लागत होतं. आम्ही त्यांच्याकडे काय मागत होतो? काहीच नाही. त्यांना त्रास नको, म्हणून घरातल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या खाटेला वळसा घालून होत होत्या. बैल विकायचा की ठेवायचा, हे भाऊ दारात उभा राहून फोनवर ठरवत होता. बाबा ऐकत होते, पण त्यांना कुणी विचारत नव्हतं. एवढ्या प्रेमाने आम्ही त्यांना घरातून काढून टाकत होतो.

धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, आलं होतं आणि पावसाने दडी मारली होती. तलावाच्या पाण्याची आमची पाळी दुसऱ्या दिवशी होती आणि पाणी सगळ्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांना, पुरणार नव्हतं. भाऊ सकाळपासून घुटमळत होता. मी म्हटलं, “बाबांले विचार.”

“कायले तरास देतेस त्यायले? झोपू दे.”

“ते झोपले नाईत. तू विचारतोस का मी विचारू?”

मी त्याचा दंड धरून त्याला खाटेशी आणलं. पन्नाशीचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. “बाबा, पानी कोन्या बांधीत सोडू?”

बाबांनी डोळे मिटले. मला धास्ती वाटली. त्यांना आठवलंच नाही तर? ‘तू पाय ना बा’ म्हणून भावावरच सोपवलं तर? मग मीच त्यांना भावासमोर आणखी खाली आणलं असतं. भाऊ माझ्याकडे रागाने बघत होता.

“हलकं धान कोठी हाये?” बाबांनी विचारलं.

“तलावाकडल्या दोन बांध्यायत.”

“आंधी तिथं सोड. भारी धान उशिरा पिकते, ते थांबते अजून.” दम लागला. मग पुन्हा, “आन पाटावर स्वतः बस. वरचे लोक पाट फोडून पानी वळवतेत.”

“हो बाबा,” भाऊ म्हणाला आणि जाईना. तिथेच खाली बसला.

दोन दिवसांनी नर्सबाई आल्या. तोच प्रश्न. बाबा म्हणाले, “एक लिवा.” कागदावर काहीच बदललं नाही. बाई पिशवी उचलून निघाल्या, मी त्यांना सोडायला दारापर्यंत गेले, तोच मागून बाबांचा आवाज आला. बारीक होता, पण होता.

“काहून उभी हायेस वं? बाईले चाय मांड.”

मी स्वयंपाकघरात धावले. दूध उतू गेलं, तरी मी तशीच रडत उभी होते.