उशिरा उघडलेली बाटली

वाइन तोंडात घोळवायची, थुंकून टाकायची आणि त्याचा पगार घ्यायचा, हे सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. जावई रोज थुंकायला जातो, असं त्या शेजारणींना सांगायच्या. पण वाइनच्या त्या गोदामात या जावयाचा, म्हणजे नाकवाल्यांचा, शब्द शेवटचा. मालकाची लाडकी बाटली असली, तरी भीडभाड न ठेवता सांगायचे, "ही गेली. ओतून द्या."

घरी मात्र एकच बाटली होती. लग्नानंतर दोघांनी हौसेने घेतलेली स्पॅनिश लाल वाइन, कपाटाच्या तळाशी आडवी ठेवलेली. दरवर्षी बायको विचारायची, "अहो, उघडायची का?" आणि हे महाशय बाटली उजेडात धरून म्हणायचे, "अजून मुरू दे." मग मागच्या हिवाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. परत येणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा नाकवाल्यांना ती बाटली आठवली.

एका रविवारी दुपारी तिनेच ती टेबलावर आणून ठेवली. "मला नाही तर नाही वास. तुम्ही सांगा, मी पिते."

पेल्यात ओतताच त्यांनी ओळखलं. लाल रंग उतरून गार चहासारखा तपकिरी झाला होता. घोट घेतला. फळ नाही, लाकूड नाही, नुसता व्हिनेगरच्या वाटेला लागलेला आंबटपणा. गोदामात एका शब्दात निकाल लागला असता.

"आंबट लागते हो," ती म्हणाली.

"जिभेला आंबटच लागणार. खरी गंमत नाकात असते. डोळे मीट बघू." आणि आयुष्यभरात चाखलेल्या सगळ्या चांगल्या स्पॅनिश बाटल्या आठवून ते बोलायला लागले. "आधी वाळवलेल्या चेरी. मग पिपाचं लाकूड, त्यात व्हॅनिला, अगदी पुसट. आणि तळाशी चामडं. नवं नाही, वापरून मऊ झालेलं."

"आपल्या पहिल्या खोलीखाली पिशव्या शिवायचं दुकान होतं, तसं?"

"अगदी तसं."

ती डोळे मिटूनच हसली. पडदा हलत होता, टेबलावरचं ऊन सरकत होतं, आणि दोघं त्या खोलीचा जिना चढून कधी वर गेली कळलंच नाही. तापलेली गच्ची, गाणारा शेजारी, तिचे ओले केस. त्या आंबट पाण्यात ती शोधत गेली आणि तिला सगळं सापडत गेलं. नाकवाल्यांनाही घटकाभर चेरीचा वास आल्यासारखा वाटला.

पेला रिकामा झाला. तिने डोळे उघडले.

"खरं सांगा हं. माझं नाक शाबूत होतं, तेव्हाच उघडली असती तर?"

ती दरवर्षी विचारायची, त्यातल्या कितीतरी वर्षी ती वाइन ऐन भरात होती. हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं.

"तेव्हा कच्ची होती," नाकवाले म्हणाले. "अगदी वेळेवर काढलीस."