साडेचारचं जेवण

भुवनेश्वरला बदली झाल्याचं नवऱ्याने सांगितलं, तेव्हा मला सहावा महिना होता. त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने तिथे नवं ऑफिस काढलं होतं. मी लहान असतानाच आई गेली होती आणि सासूबाई गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. तेव्हा बरोबर जायचं, की बाळंतपण होईपर्यंत पुण्यातच राहायचं, हा प्रश्न होता. सायबर कॅफेत बसून मी त्या शहराची देवळं, हवामान, बाजार सगळं वाचून काढलं. अडीअडचणीला धावून कोण येईल, ते काही संगणक सांगेना. मामा म्हणाले, "भात आवडत असेल तर जा." शेवटी दोघांनी जाऊन शहर एकदा नजरेखालून घालायचं ठरवलं.

पोचलो त्या दिवशी नवऱ्याचा तिथला सहकारी हॉटेलवर भेटून गेला. "उद्या रविवार आहे, घरी या," म्हणाला. वेळ सांगितली नाही, जेवणाचा तर विषयच नाही. आता आम्ही पडलो पुण्याचे. 'जेवायला या' असं स्पष्ट म्हटल्याशिवाय आम्ही कुणाकडे पानावर बसत नाही आणि एक ते चार कुणाची झोप मोडत नाही. याला आम्ही शिष्टाचार म्हणतो. हॉटेलात पोटभर जेवलो, जरा लोळलो आणि साडेचारला, चहाच्या वेळेला, त्यांच्या दारात हजर झालो. आपल्या समजूतदारपणाचं मला कौतुकच वाटत होतं.

आत पानं मांडलेली होती. भात, डाळ, माशाचं कालवण, तळलेली वांगी, सगळं झाकून ठेवलेलं. तो, त्याची बायको आणि म्हातारी आई सकाळपासून आमच्यासाठी थांबले होते. पाहुणा जेवल्याशिवाय मोठ्यांनी जेवायचं नाही, ही त्या घरची रीत. नवरा खरं सांगायला तोंड उघडणार, तोच मी त्याचा हात दाबला.

तेवढ्यात म्हातारीने माझ्या पोटाकडे बघितलं आणि ती मुलावर बरसली. ओडिया मला कळत नव्हती, सूर कळला. सुनेने हिंदीत सांगितलं, "आई म्हणतायत, पोटुशी पोर इतका वेळ उपाशी राहिली. यांना घर सापडलं नसणार. तू आणायला का गेला नाहीस?" आणि तो भला माणूस खाली मान घालून माझी माफी मागू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी गुपचूप पानावर बसले. माझा पहिला घास पोटात गेला, तेव्हा कुठे म्हातारीने स्वतःला भात वाढून घेतला. अन्न गळ्याशी आलं तरी मी जेवत राहिले. मधेच तिने सुनेकरवी विचारलं, बाळंतपणाला तुझं कोण आहे? कुणी नाही, मी म्हटलं.

"मग मी येईन," ती म्हणाली. "बोलावलं नाहीस तरी येईन."

माझा प्रश्न तिथेच सुटला होता. पण लाजेने मला तिच्या तोंडाकडे बघवेना.