पल्याडच्या टोल्याचा पूल

नोकरीच्या शेवटच्या काळात माझी पोस्टिंग विदर्भातच, एका इंजिनीअर युनिटमध्ये झाली. मी नायब सुभेदार होतो. घर गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, त्यामुळे सुट्टी मिळाली की संध्याकाळपर्यंत घरी पोचायचो. फौजेत अशी पोस्टिंग सहसा मिळत नाही.

आमचं काम पुलांचं. सैन्याला पुढे जायला पूल बांधायचा आणि गरज संपली की सोडवून परत गाडीत भरायचा. शांततेच्या काळात हेच रोज चालतं. सकाळी पीटी, मग ट्रेनिंग एरियात लोखंडी पॅनेल जोडायची, दुपारी तीच खोलायची, ग्रीस लावून जागेवर ठेवायची. बघणाऱ्याला वाटेल, ही माणसं दिवसभर करतात काय आणि मोडतात काय.

माझ्या ट्रूपमध्ये हवालदार दत्ता होता. सातारा जिल्ह्यातला, कृष्णाकाठच्या एका खेड्याचा. वायर रोपचं सगळं काम त्याच्याकडे. ताणलेल्या तारेवर तो पान्याने टिचकी मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. दोन तारांचा आवाज सारखा आला की पुढे सरकायचा. बोलायला कमी. जेवताना मात्र सगळ्यांत शेवटी उठायचा.

ट्रूपच्या अधिकारी कॅप्टन नायर मॅडम होत्या. केरळच्या, सिव्हिल इंजिनीअर. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण कामाला पक्क्या. जेसीओला, म्हणजे शिपायातून वर चढलेल्या माझ्यासारख्याला, अधिकारी 'साहब' म्हणतात, तशा त्या मला म्हणायच्या, आणि डिझाइन काढलं की आधी मला दाखवायच्या.

त्या पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यात सलग पाऊस झाला. धरणांची दारं उघडली, नाले उलटे फुगले. आम्हाला हुकूम आला: फ्लड रिलीफ, ताबडतोब निघा. स्वतःच्या जिल्ह्यात वर्दीत, कामावर जायची माझी ती पहिलीच वेळ.

सौंदडच्या पुढे, चुलबंद नदीला मिळणाऱ्या एका नाल्यापलीकडे एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. लोक त्याला पल्याडचा टोलाच म्हणतात. नाल्यावरचा रपटा, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल, वाहून गेला होता. टोल्यावर म्हातारी माणसं होती, लेकरं होती, आणि मागच्या बाजूने नदीचं पाणी वर सरकत होतं. बोट घालून पाहिली. प्रवाहात झाडाचे ओंडके येत होते, बोट दोनदा उलटता उलटता राहिली. आमचा नेहमीचा लोखंडी पूल गाड्यांवर तयार होता, पण रस्ता धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांतून, जात होता आणि पहिलीच गाडी चाकांच्या आसापर्यंत रुतली. पुढचं सामान खांद्यावर नेता येईल तेवढंच न्यायचं होतं.

अलीकडच्या गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात मॅडमनी फळा मागवला. आमच्याकडे काय आहे ते विचारलं. लोखंडी पाइप होते, फळ्या होत्या, आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या वायर रोपचा ड्रम होता.

त्यांनी एक दोर उचलला. एक टोक दत्ताच्या हातात दिलं, दुसरं माझ्या.

"दत्ता, साहब को खींचो."

दत्ताने ओढलं. मी दोन पावलं पुढे गेलो.

"अब इसी रस्सी से साहब को धक्का दो."

दत्ता दोराकडे बघत राहिला. "मॅडम, रस्सी से धक्का कैसे देंगे?"

"बस. डिझाइन यही है."

ट्रस म्हणजे त्रिकोणांची रांग. वर वजन आलं की त्रिकोणाच्या काही बाजू दाबल्या जातात, काही ताणल्या जातात. दाब सोसायला ताठ लोखंड लागतं, ते वाकून चालत नाही. ताण सोसायला मात्र तार पुरते, आणि तार वेटोळं करून खांद्यावर नेता येते. म्हणून वरची बाजू आणि उभे खांब पाइपचे, खालची बाजू आणि तिरक्या बाजू तारेच्या. निम्म्याहून जास्त वजन तिथेच कमी झालं.

मग मॅडमनी फळ्यावरच्या चित्रात पुलाच्या मधल्या भागावर खडू टेकवला. माणूस पुलावरून चालतो तसं वजन सरकतं. माणूस अलीकडे असताना ताणलेली मधली तिरकी बाजू, तो मध्य ओलांडून पलीकडे गेला की दाबली जाऊ लागते. लोखंड असतं तर सोसलं असतं. तार ढिली पडते, आणि ढिली तार म्हणजे नसलेली बाजू. म्हणून मधल्या घरांमध्ये, म्हणजे दोन खांबांमधल्या चौकटींमध्ये, त्यांनी तारा फुलीसारख्या काढल्या. एक ढिली पडली तर दुसरी धरेल. प्रत्येक तारेला टर्नबकल, म्हणजे पिळून ताण वाढवायचा पेच. दत्ताने फुल्या बघितल्या आणि जादा तार कापायला निघून गेला.

पलीकडे दोर फेकला. टोल्यातल्या माणसांनी तो मोहाच्या जाड खोडाला बांधला. त्यावरून मोठी तार गेली, आणि त्या तारेला टांगून, एकेक घर जोडत, आम्ही ट्रस पलीकडे सरकवला. मॅडम पहिल्या तुकडीबरोबर पलीकडे गेल्या. मी अलीकडच्या काठावर राहिलो. दत्ता पुलावर होता. टिचकी मारायचा, ऐकायचा, पेच आवळायचा.

दुपारी लोक यायला लागले. एका वेळी चार, त्यांच्यात अंतर ठेवून. टोल्यातली आशा आरोग्यसेविका सुनंदाबाई पलीकडे माणसं लावून देत होती. सुरुवातीला लोक थांबले होते, तेव्हा तीच आधी येऊन बघून गेली होती.

"हा पूल आहे का कपडे वाळू घालाची तार आहे जी?" तिने मला विचारलं होतं.

"चाला बाई, काही होत नाही. मी बी याच जिल्ह्याचा आहो."

"कोन्या गावचे?"

"तिरोड्याकडचा."

"मंग ठीक आहे," म्हणाली आणि परत जाऊन पहिली लेकरं पाठवली.

जवळजवळ सगळे पार झाले. शेवटी खाटेवर एक म्हातारा, खाट धरलेले दोन जवान आणि मागे सुनंदाबाई. तेवढ्यात पाणी आणखी चढलं.

रेडिओवर मॅडमचा आवाज आला. "साहब, पानी बॉटम केबल को लग रहा है. ओव्हर."

"देख रहा हूँ, मॅडम. लास्ट पार्टी ब्रिज पर है. ओव्हर."

"रोकना मत. चलते रहें. आउट."

वरून एक झाड आलं, मुळांसकट. खालच्या तारेला अडकलं आणि सगळा पूल एका बाजूला खेचला गेला. एका तिरक्या तारेचा क्लॅम्प सरकला. तार लोंबायला लागली. त्या घरातली फुलीची दुसरी तार ताठ झाली आणि तिने धरलं. खाट पुलाच्या मधोमध होती. दोन्ही जवान गुडघ्यावर बसले, पण खाट सोडली नाही.

दत्ता खालच्या तारेवर उतरला. कमरेचा लाइफलाइन दोर त्याने पुलालाच बांधला होता, दुसरीकडे बांधायला जागा नव्हती. एका हाताने त्याने सरकलेली तार ओढून धरली आणि दुसऱ्या हाताने पेच फिरवला. मी काठावरून बघत होतो. तार ताठ झाली. मग त्याने पहारीने झाडाचं मूळ उचकटलं. झाड फिरलं, सुटलं, आणि जाताना त्याची फांदी दत्ताच्या दोरात अडकली.

तो पाण्यात गेला. दोर ताणला गेला आणि झाडाचा सगळा भार परत पुलावर आला. पाइप वाजले. सुनंदाबाई तारेला धरून खाली बसली.

मी ओरडलो, "दोर खेचा." काठावरचे दोन जवान धावले. ते पुलावर पोचायच्या आधी दत्ताने चाकू काढला. ते मला दिसलं. दोर सुटला, पूल सरळ झाला, आणि झाड त्याला घेऊन वळणापलीकडे गेलं.

दोर त्याने स्वतःला सोडवायला कापला की पुलाला, हे मला सांगता येत नाही. मला काय वाटतं ते मी त्याच्या घरी सांगितलं आहे.

खाट अलीकडे आली. म्हातारा जगला. टोल्यातलं कोणीही गेलं नाही. संध्याकाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला ढिवर लोकांना, म्हणजे मासेमारांना, दत्ता सापडला. त्यांनी त्याला घोंगडीत गुंडाळून काठावर आणलं आणि आम्ही येईपर्यंत कोणी तिथून हललं नाही. मी त्याच्याबरोबर त्याच्या गावी गेलो.

पाणी ओसरल्यावर नियमाप्रमाणे आम्ही पूल सोडवला आणि परत नेला.

पुढे मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधलं. एक दिवस दारात सुनंदाबाई उभी. पत्ता तिने कुठून काढला, मी विचारलं नाही. पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"साहेब, तुमी आपला पूल घेऊन गेले. आमी अजून तसेच आहो. नवा रपटा बी दर पावसात बुडून राहिला."

"बाई, ते काम बांधकाम खात्याचं आहे."

"तं त्याईले सांगा. तुमाले येते ना? मंग कायले बसून राहिले?"

 त्या आठवड्यात मी नाल्यावर जाऊन माप घेतलं. मॅडम आता मेजर होत्या, ईशान्येकडे कुठेतरी. फोन केला. नाल्याचं माप सांगितलं. त्या म्हणाल्या, "साहब, आप ड्रॉ कीजिए. मैं चेक करूँगी."

मी काढत गेलो, त्या तपासत गेल्या. या खेपेला पूल पुराच्या खुणेपेक्षा बराच वर घेतला. खालची तार दुहेरी केली. ट्रसची उंची वाढवली, कारण उंची वाढली की त्याच वजनाला तारेवर ताण कमी येतो. दोन्ही बाजूंनी काठापर्यंत आडव्या ताणतारा दिल्या, धक्का बाजूने बसला तर पूल ओढला जाऊ नये म्हणून. आणि नाल्याच्या वरच्या अंगाला काँक्रीटचे खुंट घातले, ओंडके तिथेच अडावेत म्हणून. यातली एकही गोष्ट मला कागद घेऊन बसून सुचलेली नाही.

खात्याच्या तरुण इंजिनीअर बाईंनी हिशेब तपासला, दोन ठिकाणी पाइप जाड करायला लावले. बरोबर होतं ते. मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. टोल्यातल्या बायकांनी रेती वाहिली, बाप्यांनी पाया खणला. तारा ओढायला मी माझ्या जुन्या ट्रूपमधले दोन निवृत्त जवान बोलावले. ते आपापल्या गाडीभाड्याने आले.

वजनाची चाचणी धानाच्या पोत्यांनी केली. पोती मधे रचली, मग एकेक घर पुढे सरकवली. दरवेळी मी तारांवर टिचकी मारत गेलो. मधल्या घरात एक तार ढिली पडली, दुसरीने धरलं. इंजिनीअर बाई बघत होत्या. "असंच व्हायला हवं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "असंच."

त्यानंतरच्या पावसात नाला दोनदा फुगला. ओंडके खुंटांना अडले. पूल वापरात राहिला. टोल्यातल्या मुली आता पावसातही सौंदडच्या शाळेत जातात, आणि सुनंदाबाई रात्री-बेरात्री बाळंतिणीला घेऊन निघू शकते. ती मला अजून नवीन काहीतरी सांगतच असते. सध्या तिला पुलावर दिवे पाहिजेत.

गेल्या हिवाळ्यात दत्ताची बायको आली. संगीता तिचं नाव. मुलगी नर्सिंगला लागली म्हणून तिला जरा मोकळीक होती. सौंदड स्टेशनवर मी आणि सुनंदाबाई घ्यायला गेलो. टोल्यात घरोघरी तिला बोलावणं होतं. खाटेवरून आणलेला म्हातारा नुसता तिचा हात धरून बसला.

नंतर आम्ही पुलावर गेलो. ती मधे थांबली आणि खाली पाण्याकडे बघितलं. पाणी त्या दिवसांत घोट्याएवढं असतं.

"त्यास्नी पाण्याचं लई भ्या वाटायचं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"धाकटा भाऊ कृष्णेत गेलेला त्यांचा. पोहायला फौजेत गेल्यावर शिकले. नदीवरचं काम असलं की आदल्या रातीला फोन करायचे. दुसरं कायबी बोलायचे न्हाईत, पोरीचा अभ्यास विचारायचे. मला कळायचं. त्या खेपेलाबी केला हुता."

आम्ही किती नद्यांवर एकत्र काम केलं, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. प्रत्येक वेळी तार बांधायला पहिला दत्ता उतरायचा. मी त्याला कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही.

युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव आहे. तिथे रँक आहे, नंबर आहे, तारीख आहे. हवालदार दत्ता पाण्याला भीत होता, हे तिथे नाही. ते मी इथे लिहून ठेवलं.